मॅरिबेलचं घराणं

आमच्या क्षेत्रात नव्या कोचची चौकशी करताना पदकांचा विषय नंतर निघतो. आधी विचारतात, हा शिकला कोणाकडे? मग त्याचा कोच कोण, आणि त्या कोचचा कोच कोण? गाण्यातल्या घराण्यांसारखंच हे प्रकरण आहे. फरक एवढाच, की आमची घराणी कुणी लिहून ठेवलेली नाहीत, रिंकच्या कठड्याला टेकून कॉफी पिताना ती सांगितली जातात. मी बॉस्टनच्या आसपास मुलांना फिगर स्केटिंग शिकवते. इथली कुठलीही साखळी हातात घ्या आणि मागे मागे जात राहा, फार वेळ न लागता एक नाव येतंच: मॅरिबेल विन्सन-ओवेन. माझ्या जन्माच्या आधीच ती गेली. पण तिच्या हाताखाली शिकलेल्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं मला रोज भेटतात, त्यामुळे ती परकी वाटत नाही. तिला ‘अहो’ म्हणायला हवं खरं, पण रिंकवर तिचा उल्लेख सगळे नुसत्या नावाने करतात, तेव्हा मीही तसाच करते.

तिचा जन्म १९११चा, बॉस्टनजवळच्या विंचेस्टर गावचा. विली फ्रिक नावाच्या जर्मन कोचकडे ती तयार झाली. अमेरिकेची महिलांची एकेरी विजेती ती नऊ वेळा होती आणि जोडीच्या प्रकारात सहा वेळा, आधी थॉर्नटन कूलिज आणि नंतर जॉर्ज हिल या जोडीदारांबरोबर. १९३२च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये तिला एकेरीचं कांस्यपदक मिळालं. १९३६ला गार्मिशमध्ये ती एकेरीतही पाचवी आली आणि हिलबरोबर जोडीतही पाचवी. सुवर्ण त्या काळातल्या तिन्ही ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे १९२८, ३२ आणि ३६ला, नॉर्वेच्या सोन्या हेनीने नेलं. सोन्याच्या काळात जन्माला येणं हे त्या पिढीतल्या प्रत्येकीचं दुर्दैव होतं.

मधल्या काळात मॅरिबेलने रॅडक्लिफ कॉलेजातून पदवी घेतली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या क्रीडा विभागात बातमीदार म्हणून नोकरी धरली. तिथे अशी नोकरी करणारी ती पहिली बाई. म्हणजे स्वतः राष्ट्रीय विजेती असताना ती दुसऱ्यांच्या सामन्यांच्या बातम्या लिहीत होती. पुढे स्केटिंगवर तिने तीन पुस्तकं लिहिली. खेळाडूंची पुस्तकं बहुधा दुसराच कोणीतरी लिहून देतो. तिला त्याची गरज नव्हती.

एकाच स्पर्धेत एकेरी आणि जोडी दोन्ही खेळणं तेव्हा शक्य होतं. आता जवळजवळ कोणीच तसं करत नाही. क्रिस्टी यामागुचीने १९८०च्या दशकाच्या शेवटी दोन्ही प्रकार सांभाळून पाहिले आणि अखेर जोडी सोडली. मॅरिबेलच्या काळात जोडीदारिणीला डोक्यावर उचलून फिरवणं किंवा लांब फेकणं असले प्रकार आजच्यासारखे नव्हते. दोघांनी बरोबर चालणं, वळणं आणि थांबणं हाच जोडीचा गाभा होता. वाचायला हे सोपं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ब्लेडला खालून मधोमध पन्हळ असते, त्यामुळे तिला दोन धारा असतात, एक आतली आणि एक बाहेरची. त्यांना आम्ही एज म्हणतो. स्केटर कधीच सपाट ब्लेडवर चालत नाही, चालू नये. ती सतत कुठल्या ना कुठल्या एजवर झुकलेली असते आणि त्या झुकण्यामुळेच तिचा मार्ग वक्र होतो. गुडघा जितका वाकेल तितकी एज खोल, आणि एका ढकलण्यात मिळणारी धाव तितकी लांब. आता दोन माणसं शेजारी उभी करा. एकाचे पाय लांब, दुसरीचे आखूड. दोघांनी आपापल्या सवयीने ढकललं तर चौथ्या पावलाला हात ताणले जातात. मग उंच माणसाला गुडघा जास्त वाकवावा लागतो आणि आखूड पायांच्या मुलीला प्रत्येक एज शेवटपर्यंत वापरावी लागते, मध्येच सोडून चालत नाही. मार्गाचा वक्र दोघांचा सारखा हवा. जोडीत खेळणाऱ्याला लवकर कळतं, की आपला वेग हा नुसता आपला नसतो.

हे ज्याच्या अंगात मुरलं, तो पुढे कोच झाला की एकट्याने खेळणाऱ्या मुलांनाही वेगळ्या नजरेने पाहतो. तो उडी बघत नाही. उडीच्या आधी मुलगी कुठल्या एजवर, किती वाकून, किती वेगाने आली ते बघतो. मॅरिबेलचा सगळा भर पायाभूत गोष्टींवर होता, आणि माझा अंदाज असा, की त्याचं मूळ जोडीत होतं. दुसरं मूळ अर्थातच फिगर्समध्ये. बर्फावर एकाला एक चिकटलेली वर्तुळं एका पायावर काढायची, मग त्याच रेषेवरून पुन्हा जायचं, आणि मग परीक्षकांनी खाली वाकून त्या रेषा तपासायच्या. तिच्या काळात निम्म्याहून जास्त गुण यालाच असत. टीव्हीवर ते बघवत नाही, म्हणून त्यांचं वजन कमी होत गेलं आणि १९९०नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून फिगर्स गेल्याच. पुण्यात मी चाकांवर शिकले तेव्हा जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळांवर आम्हाला तासन्‌तास घोटून घेत. तेव्हा फार कंटाळा यायचा. आज माझ्या बर्फावरच्या मुलांना ते मिळत नाही आणि ते त्यांच्या पायांत दिसतं. या बाबतीत मी जुन्या वळणाची आहे, त्याला इलाज नाही.

मॅरिबेल शिकवायची कशी? मोठ्या आवाजात. तिचा आवाज रिंकच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा, आणि जीभ तिखट होती. तिच्या शिष्यांच्या आठवणींत प्रेम आणि धाक एकाच वाक्यात येतात. शिष्यांनी अभ्यास केला पाहिजे, पुस्तकं वाचली पाहिजेत, पोटापाण्याचं शिक्षण घेतलं पाहिजे, यावर ती अडून बसायची. काही वर्षं कॅलिफोर्नियात बर्कलेला राहून ती विंचेस्टरला परतली. नवरा गाय ओवेन हाही स्केटर. १९५२ला तो वारला. आई आणि दोन मुली, असं घर तिच्या शिकवण्यांवर चालायचं. दोन्ही मुलींची कोच तीच होती. यावर आज पुष्कळ बोललं जाईल, आणि मला विचाराल तर पोटच्या मुलींना स्वतः शिकवू नये. घरी जेवायच्या टेबलावर कोच समोर नसावा. पण मला पटो न पटो, मुली तयार झाल्या.

बाहेरच्या शिष्यांत टेन्ली ऑलब्राइट सगळ्यांत प्रसिद्ध. लहानपणी तिला पोलिओ झाला होता. १९५६च्या कोर्तिना ऑलिम्पिकच्या काही दिवस आधी सरावात पडून तिच्याच डाव्या ब्लेडने तिचा उजवा घोटा कापला. तशा पायावर तिने सुवर्ण जिंकलं. ऑलिम्पिकमध्ये एकेरीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. नंतर हार्वर्डमधून डॉक्टर होऊन ती शल्यचिकित्सक झाली. मॅरिबेलचा अभ्यासाचा हट्ट इथे बरोबर जागी पडला म्हणायचा. रॉन लडिंग्टन हा दुसरा. पत्नी नॅन्सीबरोबर त्याने १९६०ला स्क्वॉ व्हॅलीत जोडीचं कांस्य मिळवलं. पुढे तो डेलावेअरमध्ये कोच झाला आणि त्याच्या हाताखालच्या किटी आणि पीटर कॅरुथर्स या बहीणभावांनी १९८४ला सारायेव्होत रौप्य आणलं. २०२०ला तो गेला तेव्हा ‘लडी’ म्हणून हळहळणारी माणसं तीन पिढ्यांची होती. तिसरा फ्रँक कॅरल. तो स्वतः मोठा विजेता झाला नाही, पण मिशेल क्वान त्याने घडवली आणि २०१०चा ऑलिम्पिक विजेता इव्हान लायसेकही त्याचाच.

मला मात्र या यादीबाहेरचं एक नाव जास्त महत्त्वाचं वाटतं. मेबल फेअरबँक्स ही कृष्णवर्णीय मुलगी न्यूयॉर्कमध्ये स्केटिंग शिकू पाहत होती, आणि रिंकवाले तिला आत घेत नव्हते. क्लबांची दारं तर बंदच. मॅरिबेलने तिला काही गोष्टी दाखवल्या, सांगितल्या, पैसे न घेता. फेअरबँक्सला स्पर्धेत उतरण्याची संधी कधीच मिळाली नाही, पण पुढे लॉस एंजेलिसला ती कोच झाली. टाय बॅबिलोनिया आणि रँडी गार्डनर या दोन लहान मुलांचे हात एकमेकांच्या हातांत तिनेच दिले. १९६५पासून जोडीचं जागतिक विजेतेपद सलग सोव्हिएत संघाकडे होतं. ती परंपरा १९७९ला व्हिएन्नात या दोघांनी मोडली. घराण्याच्या दृष्टीने ही फांदी अधिकृत नाही, कारण फेअरबँक्स मॅरिबेलची रीतसर शिष्या नव्हती. पण आमच्या विद्येतलं पुष्कळसं असंच, रीतसर नसलेल्या तासांत, बाजूला बोलावून सांगितलेलं असतं.

बॅबिलोनिया आणि गार्डनर जिंकले तेव्हा त्यांचा कोच होता जॉन निक्स. हा इंग्रज, बहीण जेनिफरबरोबर १९५३चा जोडीतला जगज्जेता. तो अमेरिकेत का आला, हे सांगायचं तर १९६१कडे जावं लागतं.

त्या वर्षी जानेवारीत कोलोरॅडो स्प्रिंग्जला राष्ट्रीय स्पर्धा झाली. मॅरिबेलची धाकटी मुलगी लॉरेन्स एकेरीत पहिली आली. थोरली, तिचंही नाव मॅरिबेल, डडली रिचर्ड्सबरोबर जोडीत पहिली आली. सोळा वर्षांच्या लॉरेन्सचा फोटो १३ फेब्रुवारीच्या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर झळकला. जागतिक स्पर्धा प्रागला होती. १५ फेब्रुवारीच्या सकाळी न्यूयॉर्कहून निघालेलं साबेना कंपनीचं बोइंग ७०७ ब्रसेल्सला उतरण्याआधी कोसळलं. विमानातले सगळे ७२ जण गेले, आणि खाली शेतात काम करणारा एक माणूस. अमेरिकेचा १८ जणांचा अख्खा संघ, त्यांचे कोच, परीक्षक आणि नातेवाईक त्यात होते. मॅरिबेल आणि तिच्या दोन्ही मुली गेल्या. विंचेस्टरच्या घरी उरली ती मॅरिबेलची म्हातारी आई. जागतिक स्पर्धा त्या वर्षी रद्द झाली.

खेळाडू गेले ही हानी दिसणारी होती. कोच गेले ही न दिसणारी. नव्या मुली दरवर्षी वर येतात, पण घडवणारा माणूस उभा राहायला वीस वर्षं लागतात. बारा वर्षांच्या पेगी फ्लेमिंगचा कोच बिल किप त्याच विमानात होता. कोलोरॅडो स्प्रिंग्जचे एडी शोल्डनही होते. त्यांच्या जागी इटलीहून कार्लो फास्सी आला आणि पुढे त्याच्याच हाताखाली फ्लेमिंगने १९६८चं सुवर्ण मिळवलं. निक्स कॅलिफोर्नियात आला. अपघातानंतर लगेच स्मृतिनिधी सुरू झाला, तो आजही होतकरू स्केटरांना मदत करतो. पण अमेरिकन स्केटिंग सावरलं ते बाहेरून आलेल्या कोचांनी, आणि मॅरिबेलच्या त्या शिष्यांनी जे त्या विमानात नव्हते. कॅरल तेव्हा बर्फावरच्या शोमध्ये काम करत होता. तो कोच होईल असं कोणाच्या मनातही नसावं.

हे सगळं मी इतिहास म्हणून सांगत असे. मग २९ जानेवारी २०२५ची रात्र आली. विचिटाच्या राष्ट्रीय स्पर्धेनंतरच्या शिबिरातून परतणाऱ्यांचं विमान वॉशिंग्टनला उतरताना लष्करी हेलिकॉप्टरशी धडकून पोटोमॅक नदीत पडलं. ६७ माणसं गेली, त्यातली २८ स्केटिंगशी संबंधित. १९१२ साली स्थापन झालेल्या, मॅरिबेलच्याच ‘स्केटिंग क्लब ऑफ बॉस्टन’ची त्यात सहा माणसं होती: दोन किशोरवयीन स्केटर, त्यांच्या आया, आणि दोन कोच. येवगेनिया शिश्कोवा आणि वादिम नौमोव. सेंट पीटर्सबर्गमध्ये ल्युदमिला वेलिकोवांकडे तयार झालेली ही जोडी १९९४ची जगज्जेती. त्या वर्षीच्या लिलेहामर ऑलिम्पिकमध्ये ते चौथे होते, आणि महिन्याभरात जपानमध्ये जगात पहिले. पुढे लग्न, अमेरिका, आधी कनेक्टिकट आणि मग बॉस्टन. मुलगा मॅक्सिम एकेरी खेळतो. त्याला आईवडिलांनीच शिकवलं. पोटच्या मुलाला शिकवू नये हे माझं मत मी वर लिहिलंय, त्याच्याबद्दल लिहिताना ते मला टोचतं.

त्यांचं १९९४चं स्केटिंग पाहा. उड्या आज लहान वाटतील. वळणांवर पाहा, दोघांचे गुडघे एकाच वेळी कसे दबतात ते.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी क्लबवर वार्ताहर जमले, तेव्हा ऑलिम्पिक स्केटर नॅन्सी केरिगन आली होती आणि तिच्यासोबत टेन्ली ऑलब्राइट, वय ८९. तीच टेन्ली. १९६१ला तिची कोच गेली होती, आणि या वेळी ती आपल्या नातवंडांच्या वयाच्या मुलांना धीर द्यायला उभी होती.

कोच गेल्यावर त्याची मुलं दुसऱ्या कोणाकडे जातात. जावंच लागतं, हंगाम थांबत नाही. दुसऱ्याच्या हाताखालून आलेलं मूल माझ्याकडेही अधूनमधून येतं. खांदे कुठे धरायचे, उडीच्या आधी श्वास कधी घ्यायचा, हे त्याला आधीच कोणीतरी दिलेलं असतं. मला ते वेगळं हवं असतं, पण पहिले काही महिने मी त्याला हात लावत नाही. नुसती एज घोटून घेते, दोन्ही पायांवर, पुढे आणि मागे.