दोरीविना आज्ञापालन

कुत्र्याला अडथळ्यांच्या शर्यतीचे शिक्षण द्यावयाचे म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम त्याची उडी उभी राहते. परंतु या विद्येची खरी पूर्वतयारी धन्याने स्वतःच्या हाताची व जिभेची करावयाची असते, असे आमचे मत झाले आहे.

१९७८ साली इंग्लंडमधील क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात, घोडेस्वारांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून बेतलेला हा खेळ मधल्या वेळेतील करमणूक म्हणून दाखविण्यात आला. पुढे ‘ॲजिलिटी’ या नावाने तो जगभर पसरला. आडव्या दांड्या, बोगदा, झुलती फळी, ओळीने रोवलेल्या काठ्या यांतून कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने धावावयाचे. धनी सोबत धावतो. पण गळ्यात दोरी नाही, हातात खाऊ नाही, स्पर्शही करावयाचा नाही. केवळ आवाज, हात आणि शरीराचा रोख!

आमच्या भंडारा जिल्ह्यात कुत्रा म्हणजे राखणदार, खेळगडी नव्हे. म्हणून धर्मग्रामातील एका तरुणाने, “फादर, मोतीला नागपूरला शिकायला नेऊ या,” असा आग्रह धरला तेव्हा आम्हांस हसू आले. मोती हा आमच्या निवासातील गावठी कुत्रा. पूर्वीच्या घरी तो साखळीला बांधलेला असे व काठी खात असे. कोणी हात उचलला की तो पोट जमिनीला टेकवून थरथरे. आणि या खेळात तर हात हीच भाषा! प्रश्न उडीचा नव्हताच. हा जीव माणसाच्या हातावर पुन्हा विश्वास ठेवील काय, हा होता.

प्रथम आम्ही त्यास पशुवैद्यांकडे नेले. वजन, गुडघे, कंबरेचे सांधे तपासून घेतले. रेबीजची लस टोचविली. पिल्लाच्या हाडांची वाढ पूर्ण होण्यास साधारण एक ते दीड वर्ष लागते. तोवर उंच उड्या मारविल्यास सांधे कायमचे दुखावू शकतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही १८ महिन्यांखालील कुत्र्यास प्रवेश नसतो. मोती चार वर्षांचा, म्हणून ती चिंता नव्हती.

मग ‘बैस’, ‘थांब’, ‘ये’ हे तीनच शब्द. विदर्भातील उन्हाळ्यात कुत्र्यास धावविणे धोक्याचे. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच तो अंग थंड करतो. म्हणून सकाळच्या मिस्सेपूर्वी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून चालणे, जमिनीवर ठेवलेल्या बांबूवरून पाऊल टाकणे, एवढाच अभ्यास. पन्नाशी ओलांडलेल्या आमच्या गुडघ्यांचीही तयारी त्यातच झाली. कापडी बूट मात्र नवे घ्यावे लागले.

हाताची खूण आम्ही कमरेखाली, तळवा उघडा ठेवून करू लागलो. जमले की भाकरीचा तुकडा व शाबासकी. न जमले तर मौन. रागावलो असू त्या दिवशी अभ्यास बंद. दोन महिन्यांनी खूण हळूहळू खांद्यापर्यंत वर नेली. एका सकाळी हात पुरा उंचावला, तेव्हा मोती थबकला, आमच्या तोंडाकडे पाहिले आणि बांबू ओलांडून आमच्यापाशी आला.

तोबीतच्या ग्रंथात तोबिया व देवदूत राफाएल प्रवासास निघतात, तेव्हा कुत्राही त्यांच्या मागे चालू लागतो. त्यास दोरीने ओढून नेल्याचा उल्लेख शास्त्रात नाही. परमेश्वरही आपणांस साखळीने बांधीत नाही. हाक मारतो व वाट पाहतो. आपल्या घरांतून मात्र मुलांस वळण लावताना कितीदा हात उगारला जातो!

ज्या कुटुंबांस आपला कुत्रा अशा वर्गात घालावयाचा असेल, त्यांनी आधी बंदिस्त अंगणात त्याची साखळी सोडून एकदा हाक मारून पाहावी. तो शेपूट हलवीत आला, तर नाव नोंदवावे. कोपऱ्यात दडला, तर वर्ग लांबणीवर टाकून त्याच्याशेजारी जमिनीवर बसण्यापासून आरंभ करावा.