रात्री बारा वाजता खोली मिळेल का?

प्लॅन एकदम सॉलिड होता. मुंबईहून दुपारची गाडी, रात्री नऊला रत्नागिरी, लॉजवर मस्त झोप आणि पहाटे सायकलवर टांग टाकून भाट्याच्या पुलावरून थेट पावस, पूर्णगड, विजयदुर्ग. आम्ही दोघीच. सायकली ब्रेकव्हॅनमध्ये, पावती माझ्या पाकिटात. टेन्शन कसलं?

चिपळूण आलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा अजून एकेरीच. २०२१मध्ये रोहा-वीर तेवढा दुहेरी झाला. समोरून गाडी आली की आपली उभी. लॉजवर फोन लावला. ‘‘दहानंतर खोली देत नाही,’’ पलीकडून उत्तर. मग जरा थांबून, ‘‘बरोबर जेन्ट्स कोणी नाहीत का?’’

बुकिंग केलं तेव्हा हा प्रश्न नव्हता बरं का!

मैत्रीण एकदम गप्प. ‘मुलीमुलीच कशाला जाताय?’ हे घरी महिनाभर ऐकून ती निघाली होती. पहिल्याच रात्री स्टेशनवर बसायची वेळ आली असती, तर पुढची राइड तिच्यापुरती संपलीच होती.

माझ्याकडे दुसरा एकच नंबर होता. पावसजवळच्या एका काकूंचा, दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी घेतलेला. फोन लावला, सगळं सांगितलं आणि त्या काही बोलणार तेवढ्यात करबुडेचा बोगदा. साडेसहा किलोमीटर, रेंज शून्य! आयुष्यात इतका लांब बोगदा पाहिला नाही.

बाहेर आलो तर काकूंचे तीन मिस्ड कॉल. ‘‘कितीही वाजू देत गो. पण रात्रीच्या सायकली हाणू नका, मुलगा टेम्पो घेऊन येतोय.’’

दीड वाजता आमच्या पुढ्यात मऊभात, मेतकूट आणि तूप होतं. मैत्रिणीने दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, ‘‘उद्या किती वाजता निघायचं?’’ तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तुम्हीही रात्रीच्या गाडीने जाणार असाल तर एवढं कराच. गाडी तीन तास लेट होणार असं धरूनच लॉजवाल्याशी बोला. रात्री दार कोण उघडेल, सायकली कुठे ठेवायच्या, फक्त मुली असल्या तर चालेल ना, हे आधीच विचारा आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्या. स्टेशनवर रिटायरिंग रूम असेल तर पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर बुक करता येते, तेही बघून ठेवा. आणि दुसरा एक नंबर जवळ हवाच.

सकाळी काकूंनी खोलीचे, जेवणाचे, टेम्पोचे पैसे चोख मोजून घेतले. मला तेच आवडलं. उपकार नव्हते, पाहुण्याची सोय होती. वर एक दमही भरला, ‘‘पुढच्या वेळी तिकीट काढल्याबरोबर फोन कर. चिपळुणातून नको!’’