शिरोरेखेची पाणसळ

इंग्रजी अक्षरांचा बोर्ड जरा कलला तरी खपून जातो, कारण प्रत्येक अक्षर सुटं असतं. देवनागरीत ती सवलत नाही. ‘वस्त्र भांडार’ एवढं लिहिलं तरी लांबलचक शिरोरेखा तयार होते, आणि ती पाव इंच खाली-वर झाली तर रस्त्यापलीकडच्या माणसालाही खटकते. आमच्या बोर्ड बसवण्याच्या धंद्याची खरी कसोटी लागते ती भिंतीपाशी.

माझं बरंचसं काम पुण्याच्या पेठांतलं. जुन्या वाड्याची दर्शनी भिंत म्हणजे खाली दगडी जोतं, वर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधे विटा-चुन्याचा किंवा मातीचा भराव. तुळई वाकते, भराव फुगतो, त्यावर कधीतरी कुणी सिमेंटचा गिलावा थापलेला असतो. म्हणून दोन टोकांना खिळे मारून दोरी ताणायची आणि दर फुटाला दोरीपासून भिंत किती लांब आहे ते खडूने तिथेच लिहायचं. आकडा सर्वांत लहान येईल तिथे भिंतीचं पोट. बोर्डाची चौकट त्या पोटाला टेकते. बाकी ठिकाणी प्रत्येक बोल्टमागे मोजून लोखंडी पॅकिंग द्यायचं. घाईत लाकडी पाचरी ठोकणारे पुष्कळ आहेत, पण पावसात पाचर कुजते आणि बोल्ट ढिला होतो. पॅकिंगच दिलं नाही, तर बोल्ट आवळताना चौकट भिंतीच्या वळणाने वाकते आणि तिच्यावरच्या एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट) शीटला लाटा येतात. ऊन तिरपं पडलं की त्या लाटा उठून दिसतात. शीटची भोकंही स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवावीत. १२ फुटी शीट थंडीतल्या पहाटे आणि मे महिन्यातल्या दुपारी एका मापाची नसते. ३-४ मिलिमीटरचा फरक पडतो.

रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानावर १६ फुटी चौकट चढवली होती. समोरच्या कडेला उभे असलेले मालक ओरडले, “अहो, उजवीकडे चढलाय!” मी पाण्याची नळी पुन्हा लावली. नळीत बुडबुडा नव्हता, दोन्ही टोकांना पाणी खुणेवर होतं. उतरला होता तो वरचा छज्जा, उजव्या अंगाला चांगला दीड इंच. त्यामुळे मधली फट निमुळती होत गेली होती आणि डोळ्याला बोर्डच चढल्यासारखा वाटत होता. अशा वेळी कित्येक कारागीर फरक अर्धा-अर्धा वाटून बोर्डही थोडा तिरका करतात. मला ते मुळीच पटत नाही. मग खालचं शटर आणि बोर्ड यांचं जमत नाही, आणि शिरोरेखा कायमची कललेली राहते. आम्ही बोर्ड चार इंच खाली घेतला, छज्ज्याखाली त्याच रंगाची निमुळती पट्टी मारली आणि पट्टीची खालची कड पाणसळीत आणली. मालकांनी पुन्हा पलीकडे जाऊन पाहिलं आणि अक्षरं लावायला सांगितलं.

भोक पाडण्याआधी गिलाव्यावर टकटक करून आवाज ऐकावा. तुळई सापडली तर लाकडाच्या स्क्रूवर काम होतं. चुन्यातल्या विटेत साधा अँकर फास्टनर नको. आवळताना तो भोकात फुगतो, काँक्रीट तो दाब पेलतं, जुनी वीट तडकते. तिथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडावं, भुकटी ब्रशने काढावी आणि जाळीच्या नळीत केमिकल भरून रॉड बसवावा. घडीव दगड असेल तर भोक सांध्यात घ्यावं. सांधा पुन्हा भरता येतो, दगड भरता येत नाही. बोर्डाची वरची फट सिलिकॉनने बंद करायची, खालची मात्र उघडी, म्हणजे मागे शिरलेलं पाणी निथळून जातं.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आमच्याकडेही एकच झुंबड उडाली. त्या गडबडीत कितीतरी ठिकाणी फ्लेक्सच्या जुन्या वाकड्या चौकटींवरच नवी अक्षरं चिकटवली गेली. मराठी मोठी झाली आणि वाकडी लागली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुकानदारांना माझी विनंती आहे: अक्षरांच्या दरात घासाघीस जरूर करा, पण दोरी लावून माप घेण्याचा अर्धा दिवस आणि पॅकिंगचं लोखंड कोटेशनमध्ये वेगळं लिहून घ्या.