उजव्या बाजूची सीट

मोटारीत बसणाऱ्यांचे दोन वर्ग असतात: गाडी चालवणारे आणि ती कशी चालवावी हे सांगणारे. तिसराही एक वर्ग आहे आणि तो सर्वांत केविलवाणा. आयुष्यभर गाडी चालवून आता मुलाच्या शेजारी बसवलेला बाप! त्यातून गाडी इटलीतली असेल तर बघायलाच नको. तिथली वाहतूक उजवीकडून, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे ज्या उजव्या सीटवर बसून मी वीस वर्षं पद्मिनी हाकली, नेमका त्याच जागी मी, फक्त समोरचं चाक तेवढं काढून घेतलेलं. रिटायर झालेल्या साहेबाला त्याच्याच केबिनमध्ये टेबलाशिवाय बसवावं, तसं.

आमची पद्मिनी कुर्ल्यात जन्मलेली असली तरी तिचं कूळ इटालियन, फियाट ११००. चिरंजीव मागच्या सीटवर उभे राहून ‘बाबा, त्या ट्रकला मागे टाका ना!’ असं माझ्या कानात ओरडत खंबाटकी चढायचे. आता त्यांनीच फ्लॉरेन्सला गाडी भाड्यानं घेतली, तीही फियाटच, पांडा. मी तिच्या बॉनेटवरून हात फिरवला. सोयऱ्यांच्या गावी आलो होतो, एवढा मान हवाच.

फ्लॉरेन्सहून सिएनाला जायला एक सरळ, वेगवान रस्ता आहे. शहाणी माणसं त्या रस्त्यानं जातात. आम्ही २२२ नंबरच्या रस्त्यानं निघालो. हा कियांती नावाच्या डोंगराळ मुलखातून जातो. याला घाट म्हणावं तर दरी नाही आणि सपाट म्हणावं तर चार पावलं सरळ रस्ता नाही. एका वळणावर द्राक्षमळा, दुसऱ्यावर ऑलिव्हची बाग, तिसऱ्यावर टेकडीच्या टोकाला एखादं दगडी गाव आणि त्याच्या पहाऱ्याला सरूची झाडं. सप्टेंबरअखेर, द्राक्षतोडणीचे दिवस. पुढे द्राक्षांनी भरलेला ट्रॅक्टर आणि मागे आम्ही, असं बरंच अंतर कापलं. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता.

“बाबा, तिथे नुसती चटई आहे,” चिरंजीव म्हणाले.

“मग गाडी हळू कशी झाली?” मी विचारलं.

मागून सौभाग्यवतींचं लक्ष मात्र मळ्यांवर. “हे लोक नाशकासारखा मांडव का नाही घालत गं बाई? कुंपणासारख्या वेली लावल्यायत. वाकून वाकून कंबर मोडत असेल तोडणाऱ्यांची!” प्रश्न रास्त होता, उत्तर द्यायला गाडीत कोणी शेतकी पदवीधर नव्हता.

ग्रेव्हे गावात गाडी बाहेरच लावून चालत गेलो. इटलीत जुन्या गावांच्या गाभ्यात परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेरा मुकाट्यानं नंबर टिपतो आणि सहल विसरल्यावर दंडाची नोटीस घरी येते. चौक त्रिकोणी आहे. त्याला चौक म्हणावं की नाही यावर आम्ही दहा मिनिटं घालवली.

या मुलखात जिथे पाहाल तिथे काळा कोंबडा. बाटलीवर कोंबडा, पाटीवर कोंबडा. त्याची दंतकथा मला फार आवडली. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांचं हद्दीवरून हाडवैर. शेवटी ठरलं, की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघावा आणि ते भेटतील तिथे हद्द. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला पोटभर चारलं. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा निवडला आणि उपाशी ठेवला. तो बिचारा भुकेनं मध्यरात्रीनंतरच ओरडू लागला. त्यांचा स्वार जवळजवळ सिएनाच्या उंबऱ्यापर्यंत पोचला आणि कियांती फ्लॉरेन्सच्या खिशात! उपाशी ठेवून लवकर उठवण्याची ही युक्ती मुलांच्या परीक्षेच्या काळात कोणी मला सांगितली असती तर!

हद्दींचं वेड तिथेच संपलं नाही. तिसऱ्या कोसिमो नावाच्या ग्रँड ड्यूकनं १७१६ साली फर्मान काढून कुठल्या जमिनीतल्या वाइनला कियांती म्हणायचं ते ठरवून टाकलं. पुढे ब्रोलिओच्या गढीचे मालक रिकासोली यांनी १८७२ साली तिची पाककृती लिहून ठेवली: सांजोव्हेझे जातीची द्राक्षं मुख्य, बाकीची जोडीला. हे गृहस्थ त्याआधी इटलीचे पंतप्रधान होते. सत्तेवरून उतरल्यावर आत्मचरित्र लिहिण्यापेक्षा हा उद्योग किती निरुपद्रवी!

राद्दाजवळ एका मळ्यावर चव घ्यायला थांबलो. चिरंजीवांनी आपला ग्लास माझ्याकडे सरकवला. “मला चालवायचंय. इथे लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या वर रक्तात सापडली की गेलो.” मी वडिलांसमोर सुपारीसुद्धा कधी तोंडात टाकली नव्हती. आता मुलगा ग्लास पुढे करत होता, आणि मागच्या सीटवर उभा राहणारा हाच का तो, हे मी चोरून बघत होतो.

सौभाग्यवती थेंब घेणार नव्हत्या. पण समोर आलेली वस्तू हुंगून पाहायची, हा अडतीस वर्षांचा शिरस्ता. “पिकलेली चेरी,” त्या म्हणाल्या. “आणि नवा माठ भरल्यावर येतो तसा मातीचा वास. थोडा कोल्हापुरी चपलेचा. नव्या हं!” चिरंजीवांनी भाषांतर केलं. मालकीणबाईंनी टेबलावरचं छापील कार्ड उलटं करून दाखवलं: चेरी, माती, चामडं. त्या आत गेल्या, घरातली आणखी दोन माणसं घेऊन आल्या आणि दुसरी बाटली फोडली.

हिनं नाक मुरडलं. “याला ओल्या गोणपाटाचा वास येतोय.”

मालकीणबाईंनी हुंगलं. माणसांनी हुंगलं. मग बाईंनी बाटलीचं बूच नाकाशी धरलं आणि अख्खी बाटली मोरीत ओतली. बुचाची बुरशी वाइनला लागली की असाच वास येतो म्हणे. आमच्या घरी या नाकानं दूध, डाळ, पावसाळ्यातले शर्ट आणि उशिरा घरी येणारी माणसं तपासली. पण त्यासाठी सात माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्या राद्दालाच. सात म्हणजे, शेजारच्या टेबलावरचं जोडपं धरून. आणि आम्ही दोघं बाप-लेक.

खूश होऊन मालकीणबाई म्हणाल्या, यांना जी बाटली आवडेल ती भेट. हिनं सगळं फडताळ न्याहाळलं आणि कोपऱ्यातली वेताची टोपली विणलेली एक गोल, रिकामी बाटली दाखवली.

“आई, तिला फियास्को म्हणतात. जुनी आहे, शोभेची.”

“नाव काही का असेना,” ही म्हणाली. “तोंड लहान आहे. तेलाला बरी.”