कल्हईच्या गोत्रातले इंजिन

माणसाने वापरात आणलेल्या वस्तूंचे ढोबळमानाने दोन वर्ग पाडता येतील. पहिल्या वर्गातल्या वस्तू घरात आल्या की त्यांना विसरून जाण्याची मुभा असते. दुसऱ्या वर्गातल्या वस्तूंना ठरावीक काळाने माणसाचा हात लागावाच लागतो. स्टेनलेस स्टीलचे पातेले पहिल्या वर्गातले, पितळेचे दुसऱ्या. पितळेला कल्हई लागे. कल्हईवाला दारात भट्टी पेटवी, तापल्या भांड्यात नवसागर टाकी, कथलाचा हात फिरवी आणि काळवंडलेले भांडे आतून चांदीसारखे उजळे. हे उजळणे कायमचे नसे, याची सर्वांना कल्पना असे. कथील झिजणारच होते. ते पुन्हा चढवणे हा त्या भांड्याच्या वापराचाच भाग होता. शिवाय हयगय झालीच, तर भांडे स्वतःहून तसे सांगे. त्यातले ताक कळके.

मोटारींच्या जगात या दुसऱ्या वर्गातले एक इंजिन आहे. पहिल्या वर्गाची सवय जडलेल्या पिढीच्या हाती ते पडले आणि बदनाम झाले. हे इंजिन म्हणजे रोटरी इंजिन. आम्ही एका रोटरी गाडीचे दुसरे मालक होतो. तिच्या निमित्ताने हेळसांड या शब्दाचा आम्हाला जरा नव्याने विचार करावा लागला.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि ही ये-जा पुढे चक्राकार गतीत बदलावी लागते. फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतून आलेल्या इंजिनात ये-जा नाहीच. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर, कमरेत किंचित चेपलेल्या लंबगोल पोकळीत फिरत राहतो. एनएसयू या जर्मन कंपनीत त्याचा पहिला नमुना १९५७ साली चालला. रोटरची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत घासत असतात आणि त्यामुळे तीन कप्पे तयार होतात. पेट्रोलमिश्रित हवा घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे हे सारे त्या कप्प्यांत घडते. कप्पे एकमेकांपासून वेगळे राखण्याचे काम प्रत्येक टोकावर बसवलेल्या एका अरुंद पट्टीचे. तिला अपेक्स सील म्हणतात. ही पट्टी झिजली, की एका कप्प्यातला दाब दुसऱ्यात निसटतो आणि इंजिनाचा प्राण जातो.

या पट्टीला वंगण कोठून मिळावे? पिस्टनच्या इंजिनात ऑइलने जळणाच्या जागी जाऊ नये म्हणून वेगळी रिंग ठेवलेली असते. रोटरीत मात्र एक छोटा पंप खालच्या साठ्यातले ऑइल थेंबाथेंबाने मुद्दाम त्या पोकळीत सोडतो. ते ऑइल भिंतीला आणि पट्टीला भिजवते व मग पेट्रोलबरोबर जळून जाते. ‘गाडी ऑइल खाते’ हे वाक्य एरवी तक्रार म्हणून उच्चारले जाते. येथे ते केवळ वर्णन आहे. हेच ऑइल रोटरच्या पोटात फवारले जाऊन त्याची उष्णता वाहून नेते आणि हेच बेअरिंगांनाही सांभाळते. एका द्रवावर इतकी कामे सोपवलेले मोटारीचे इंजिन विरळाच.

पुण्यात वाढलेल्या आमच्या पिढीला यात नवल वाटू नये. १९७२ साली आलेली चेतक आणि तिच्या टू-स्ट्रोक बहिणी पेट्रोलबरोबर ऑइल जाळीतच धावत. पंपावर पेट्रोलच्या प्रमाणात टू-टी ऑइल घातले जाई, आणि ते न घालता गाडी दामटणाऱ्याचा पिस्टन जाम झाला तर कोणी कंपनीला दोष देत नसे. स्कूटर घेणाऱ्याला हे शिकवावे लागत नसे. ते गल्लीतच शिकून झालेले असे. त्याच नावाची स्कूटर २०२० पासून विजेवर धावू लागली. तिला टू-टीची गरज नाही आणि आजच्या मुलांना तो शब्द माहीत असण्याचेही कारण नाही.

आता आमच्या गाडीविषयी. अमेरिकेत मिशिगन राज्यात राहत असताना, २०१३ साली, आम्ही २००५ची माझदा आरएक्स-८ विकत घेतली. विकणाऱ्या बाई एका रुग्णालयात परिचारिका होत्या. गाडी गरम असताना बंद केली की लवकर पुन्हा सुरू होत नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, आणि किंमतही त्या मानाने बेताची होती. पट्ट्या झिजल्याचे हे नेहमीचे लक्षण आहे. म्हणजे आम्ही समजून-उमजूनच आजारी इंजिन घरी आणले.

गाडीच्या खणात पावत्यांची एक जुडी आणि एक छोटी वही होती. पहिली दोन-तीन वर्षे ऑइल बदलल्याच्या पावत्या नेटाने लागत होत्या. मग त्या विरळ झाल्या आणि शेवटच्या दोन पावत्यांत तब्बल १९ हजार मैलांचे अंतर होते. वहीत मात्र खंड नव्हता. कधी, किती ऑइल वरून घातले, याच्या तारीखवार नोंदी सुवाच्य अक्षरात होत्या. बाईंचा तर्क असा की, जुने जळून जाते आणि नवे आपण घालतोच आहोत, तर बदलायचे काय उरले? तर्क वरवर पाहता निर्दोष होता. माठ न धुता त्यात रोज ताजे पाणी ओतावे, तसे ते होते. पाणी संपत नाही, हे खरे. पण तळाचा गाळही कधी निघत नाही. पाण्याची पातळी आणि पाण्याची शुद्धता या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

गावाबाहेरच्या एका लहान गॅरेजमध्ये रोटरीचे काम जाणणारा एक म्हातारा मेकॅनिक होता. त्याने आधी दाब मोजला. या इंजिनासाठी दाब मोजण्याचे यंत्रही वेगळे लागते. ते रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब स्वतंत्रपणे दाखवते. मिनिटाला २५० फेऱ्या या गतीला किमान ६.९ बार अपेक्षित असतात. आमच्या गाडीत एकही बाजू सहाच्या वर गेली नाही. मग इंजिन उघडले. रोटरवर काजळीचे कडक पापुद्रे होते. पट्ट्या झिजून आखूड झाल्या होत्या. भिंतीवरचा क्रोमचा मुलामा एके ठिकाणी कडेला उडाला होता. बेअरिंग हातात घेतले, तर वरचा राखाडी थर जाऊन खालचे तांबे उघडे पडले होते. कल्हई गेलेले भांडे आम्ही फार वर्षांनी पाहत होतो.

एवढ्यावर निकाल देणे सोपे होते: मालकिणीने ऑइल बदलले नाही, इंजिन गेले. मेकॅनिकने मात्र आणखी दोन गोष्टी दाखवल्या. स्पार्क प्लगना वीज पुरवणाऱ्या चारही कॉइल मूळच्याच होत्या आणि दुबळ्या झाल्या होत्या. ठिणगी अशक्त झाली की पेट्रोल पुरते जळत नाही, आणि न जळालेले पेट्रोल भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते. दुसरी गोष्ट बाईंच्या दिनक्रमाची. रात्रपाळीसाठी घरापासून रुग्णालयापर्यंत दोन मैल जायचे, पहाटे दोन मैल परत यायचे. मिशिगनच्या थंडीत इंजिन पुरते तापण्याआधीच बंद व्हायचे. गाडी नाजूक आहे असे ऐकल्यावर त्या ती अधिकच हळू चालवू लागल्या. या इंजिनाला नेमके तेच सोसत नाही. मिनिटाला ९ हजार फेऱ्यांपर्यंत जाण्यासाठी घडवलेले हे यंत्र अधूनमधून जोरात पळवले तरच त्याची काजळी झडते. जपून वापरणे आणि जपणे यांत केवढे अंतर असू शकते, हे आम्हाला तेथे कळले. मायेला माहितीची जोड नसेल, तर मायाही यंत्राला मारते.

मग दोष कोणाचा? रोटरीच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्यापासून आहे. एनएसयूने १९६७ साली आरओ ८० ही देखणी गाडी बाजारात आणली. १९६८ची युरोपातील सर्वोत्कृष्ट मोटार म्हणून ती गौरवली गेली. पण तिच्या पट्ट्या लवकर झिजू लागल्या आणि कंपनीला हमीपोटी इंजिनेच्या इंजिने बदलून द्यावी लागली. समोरून तशीच गाडी आली की आरओ ८०चे मालक आपली किती इंजिने बदलून झाली तेवढी बोटे वर करीत, अशी आख्यायिका आहे. हा खर्च कंपनीला पेलला नाही. १९६९ साली तिला फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑटो युनियनमध्ये विलीन व्हावे लागले. त्या मालकांना हेळसांडीचा ठपका कसा लावणार?

जपानमध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदाने हेच कोडे हाती घेतले. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली ४७ अभियंत्यांचा गट त्यासाठी बसला. जपानी दंतकथेतील ४७ सामुराईंचे नाव त्यांनी स्वतःला लावून घेतले. चाचणीत पोकळीच्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटत. त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्र पट्टीने त्यांनी वाट काढली आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९९१ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत माझदाने चार रोटरच्या ७८७बी या गाडीने जिंकली. एका जपानी कंपनीचा तेथील तो पहिला विजय. हे इंजिन मुळातच दुबळे नव्हते, याला याहून मोठा पुरावा नको. पण शर्यतीत प्रत्येक थांब्याला जाणती माणसे हजर असतात. रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईंसाठी त्यांच्या दारात कोण उभे होते? पुढे माझदाने उत्तर अमेरिकेतील आरएक्स-८च्या पहिल्या काही वर्षांतील गाड्यांसाठी इंजिनाची हमी ८ वर्षे अथवा १ लाख मैल इतकी वाढवली. आमच्या गाडीची आठ वर्षे तेव्हा उलटून गेली होती.

इंजिन उघडल्याचे कळल्यावर बाईंचा फोन आला. आत काय निघाले, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. थोडे थांबून त्यांनी विचारले, “यात माझा दोष किती?” गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाने हे विचारावे, याचे आम्हाला आश्चर्य वाटले आणि आदरही. मनात आले, की ‘छे, गाडीच तशी’ असे म्हणून विषय संपवावा. पण तारखा घालून वही लिहिणाऱ्या बाईंना गुळमुळीत उत्तर देणे हा त्यांचा अपमान झाला असता. आम्ही मेकॅनिकने दाखवलेले सारे जसेच्या तसे सांगितले. ऑइल न बदलल्याने बेअरिंगांचे तांबे उघडे पडले, हेही सांगितले. आणि कॉइलचा अशक्तपणा, छोट्या फेऱ्या, पट्ट्यांचा मूळचा स्वभाव हेही.

त्या म्हणाल्या, “आमच्याकडे रुग्णाला घरी सोडताना आम्ही कागद देतो. पण नुसता कागद देऊन भागत नाही. गोळी कधी घ्यायची, काय झाले तर फोन करायचा, हे आम्ही त्याच्याकडून त्याच्या शब्दांत म्हणवून घेतो. त्याशिवाय त्याला कळले असे आम्ही धरत नाही. गाडी घेताना मी विचारले होते, हिला काही वेगळे करावे लागते का? ते म्हणाले, इतर कोणत्याही गाडीसारखीच चालवा.”

विक्रीच्या मेजावरचे हे एक वाक्य आम्हाला ऑइलच्या १९ हजार मैलांपेक्षा महाग वाटते. माहितीपुस्तिकेत ऑइल तपासायला सांगितलेले असते, नाही असे नाही. पण पुस्तिकेत असणे आणि माणसाला ठाऊक असणे यांत अंतर आहे. पितळेच्या भांड्याबरोबर पुस्तिका येत नसे. त्याच्यामागे कल्हईवाल्याची हाळी असे, कळकलेले ताक असे, सासूबाईंची नजर असे. चेतकच्या मागे अख्खी गल्ली असे. ज्या वस्तूमागे अशी गल्ली उभी नाही, ती विकणाऱ्यावर गल्लीची जबाबदारी येते. ती टाळून, वस्तू मोडल्यावर हेळसांडीचे नाव घेणे हा कांगावा होय. मालकाची जबाबदारी खरीच आहे; पण ती सुरू होते सांगितल्यानंतर.

असो. इंजिन नव्याने बांधायला गाडीच्या किमतीहून अधिक पैसे लागले. भंगारात देणे व्यवहाराचे ठरले असते. आम्ही ते केले नाही. पुढची आठ वर्षे दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक काढून पाहिली, दर तीन हजार मैलांना ऑइल बदलले आणि अनेक रोटरीवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे पेट्रोलमध्ये थोडे टू-स्ट्रोक ऑइलही घातले. त्याच्या वासाने डेट्रॉइटच्या उपनगरात पुण्याच्या पंपाची आठवण येई. २०२१ साली गाडी चालू स्थितीत एका तरुणाला विकली, तेव्हा किल्ली देण्याआधी ही सारी कलमे त्याच्याकडून त्याच्या शब्दांत म्हणवून घेतली. ऑइल घालणे आणि ऑइल बदलणे यांतला फरक त्याने पहिल्या खेपेस चुकीचा सांगितला. दुसऱ्या खेपेस बरोबर सांगितला, तेव्हाच किल्ली दिली.