साक्षीदार मागणे म्हणजे संशय नव्हे

२०२४च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आटोपली आणि आमच्या घरात दस्तरखानावर वाद सुरू झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या काही गावकऱ्यांना मशीनमधून निघालेला गावचा निकाल पटला नव्हता. त्यांनी ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस बंदोबस्त आला आणि ते मतदान झालंच नाही. ही बातमी वाचून आमचा धाकटा भाऊ म्हणाला, "अब्बा, यापुढे मी मत द्यायला जाणार नाही. बटण दाबल्यावर आत काय होतं, कुणाला दिसतंय?"

अब्बा निवृत्त शिक्षक. मतपत्रिकेच्या काळात त्यांनी बऱ्याचदा निवडणुकीचं काम केलेलं. ते म्हणाले, "बेटा, कागदाचे दिवस तू पाहिले नाहीस. शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध पडला की मत बाद. कुठे कुठे तर गुंड केंद्रात शिरून गठ्ठ्यांवर शिक्के मारायचे. मशीन मिनिटाला चारच मतं घेतं."

"पण मोजणीच्या वेळी कागद सगळ्यांना दिसायचा ना?"

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हो. ते मात्र खरं."

वाचकहो, आम्हाला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच तर मशीनला कागदाची जोड द्यावी लागली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हीव्हीपॅट टप्प्याटप्प्याने बसवायला सांगितलं. बटण दाबल्यावर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते, मग पेटीत पडते. पण मोजणीच्या दिवशी प्रत्येक विधानसभा क्षेत्रात फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मशीनशी ताडून पाहतात. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा किंवा मतपत्रिका परत आणा, ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली.

निकालाचा मान राखूनही प्रश्न विचारता येतो. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ साली तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली, ती कुणी घोटाळा केला म्हणून नव्हे. मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत, एवढंच त्या न्यायालयाचं म्हणणं होतं.

आपल्याकडे निकाहाला दोन साक्षीदार लागतात. म्हणून काझीसाहेबांना नवरा-नवरीवर संशय असतो का? भावाभावांतली उसनवारीसुद्धा लिहून ठेवा, साक्षीला माणसं घ्या, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे कुणाच्या मनात किंतु राहू नये, म्हणून साक्ष. मत ही तर अमानत. तिला साक्षीदार मागितला, तर त्यात कुणाचा अपमान?

पण साक्षीदार हवा म्हणणाऱ्याने आधी स्वतः साक्षीला उभं राहावं. अब्बांनी भावाला तेच समजावलं. मतदान सुरू होण्याआधी मतदान प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांची चाचणी घेतात. मतदान संपलं की किती मतं नोंदली गेली, त्याचा हिशेब फॉर्म १७-सी वर भरतात आणि हजर असलेल्या प्रतिनिधींना त्याची प्रत देतात. मोजणीला हाच आकडा मशीनशी जुळवून पाहायचा असतो. "पण कितीतरी केंद्रांवर प्रत घ्यायला संध्याकाळपर्यंत कुणी थांबत नाही," अब्बा म्हणाले. "घरी बसलेल्याची साक्ष कोण विचारतो?"

सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात, हे भावाचं मत आजही कायम आहे, आणि आमचंही. पण मत न देण्याची गोष्ट त्याने सोडली. पुढच्या निवडणुकीत कुणा उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून सकाळी चाचणीपासून केंद्रावर बसायचं त्याने ठरवलंय. अम्मी म्हणाल्या, "डबा मी देईन. पण कागद हातात पडल्याशिवाय उठू नकोस."