मुद्दल न मोडता

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरावर पांडवलेणी आहेत. अकराव्या लेण्यात भगवान ऋषभदेवांची प्रतिमा आहे. शेजारच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने ३,००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: २,००० दरमहा एक टक्का व्याजाने, १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही. केवळ व्याजातून भिक्षूंच्या गरजा भागवायच्या, अशी अट होती.

पेढी सांभाळून शिकू पाहणाऱ्यासाठी त्या अटीत बोध आहे. धंदा हे मुद्दल, फावला तास हे व्याज. याच नाशिकमध्ये १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि दुकान बंद न ठेवता पदवीची वाट खुली झाली. चांदीचा व्यापारी आज उंची वस्तूंचे व्यवस्थापनही दूरशिक्षणाने शिकू शकतो. मात्र दिवाळीच्या गर्दीत अभ्यासापायी गिऱ्हाईक परत गेले, तर मुद्दल मोडले. हंगाम सरल्यावरही पुस्तक मिटलेलेच राहिले, तर व्याज बुडाले. उंची मालाला भाव मिळतो तो विक्रेत्याची पत पाहून. त्या विणकरांकडेही ठेव आली, ती त्यांची पत पाहूनच.